सिंकखालची फळी फुगली, पण ती काढू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचा पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे. यंदा गुढीपाडव्याच्या आधी ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि वरची कपाटं असं सगळं किचन करून घेतलं. एकूण २ लाख ८५ हजार ठरले. कोटेशनवर ‘७१० मरीन प्लाय, १८ एमएम’ असं लिहिलेलं आहे. दुकानदार तोंडी म्हणाला, “दहा वर्षं बघायला नको.” आम्ही २ लाख ६० हजार दिले. त्यातले ६० हजार त्याने रोख घेतले, त्याची पावती नाही. उरलेले २५ हजार आम्ही अडवून ठेवलेत. जुलैत सिंकखालची फळी फुगली, कडेची पट्टी सुटली. कोपऱ्यातलं शटर घासतं. डब्यांची ट्रॉली भरली की पुढून खाली झुकते. दुकानदार म्हणतो, “पाणी लागलं की लाकूड फुगणारच, तुमचा वापरच तसा आहे.” मी अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेल्या आठ मुलांना डबे देते. ते कळल्यावर तर म्हणाला, “हा कमर्शियल वापर झाला, यात वॉरंटी बसत नाही.” आता दसऱ्याच्या आधी मुलगा पाठवून पट्टी चिकटवून देतो आणि बाकी पैसे घेऊन जातो म्हणतोय. मिस्टर म्हणतात, सगळं उखडून ओळखीच्या सुताराकडून नव्याने करून घेऊ. सासूबाई म्हणतात, दुकानदाराशी वाकडं नको. पैसे परत मिळतील का? मी नेमकं काय करू?

— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर

ताई, सगळ्यात आधी मिस्टरांना थांबवा. त्यांचा वैताग मला कळतो. स्वयंपाकघर म्हणजे रोज पहाटे उठून जिथे उभं राहायचं ती जागा, आणि तिथलीच फळी हाताला भुसभुशीत लागते तेव्हा जीव तुटतो. पण ती फुगलेली फळी आज तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. ती उखडून भंगारात गेली, तर उरेल फक्त तुमचा शब्द आणि दुकानदाराचा शब्द.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. आमच्या जुन्या घरात असंच झालं होतं. रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला, त्याने खालचा सगळा सांगाडा काढून नवा ठोकला आणि जुना माल रिक्षात घालून नेला. पंधरा दिवसांनी दुकानदाराला भेटले, तर तो शांतपणे म्हणाला, “दाखवा बरं काय खराब झालं होतं.” दाखवायला काहीच नव्हतं. ते पैसे गेले ते गेलेच. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे.

आता मुद्द्याचं. दुकानदार म्हणतो, पाण्याने फुगलं. तुम्हाला वाटतं की या वाक्याने तुमची बाजू पडली. मला तर वाटतं, याच वाक्याने तो अडकला आहे. त्याने कोटेशनवर ७१० मरीन प्लाय लिहिलं आहे. आयएस ७१० हे भारतीय मानक आहे, आणि त्या दर्जाच्या प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. तीन दिवस उकळूनही ज्याचे थर सुटू नयेत अशी अपेक्षा असते, तो प्लाय सिंकखालच्या चार थेंबांनी पाच महिन्यांत फुगतो कसा? म्हणजे एकतर तो प्लाय त्या दर्जाचा नाही, किंवा तो प्लायच नाही. पाणी हे कारण असेलही, पण पाणी सोसणारा माल देतो असं सांगून त्याने पैसे घेतले आहेत. सिंकखालचं कपाट म्हटल्यावर तिथे ओल येणार, हे विकणाऱ्याला तुमच्याआधी ठाऊक असतं.

तेव्हा पहिलं काम, बसवलेला माल नक्की काय आहे ते बघायचं. त्यासाठी काहीही उखडावं लागत नाही. सिंकखाली जिथून सांडपाण्याचा पाइप जातो, तिथे फळीला गोल भोक पाडलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च लावून त्या भोकाची कड बघा. प्लाय असेल तर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक पातळ थर दिसतील. पार्टिकल बोर्ड असेल तर थर नसतात, चिवड्यासारखा भुसा आणि लाकडाच्या बारीक चिपा डिंकात दाबलेल्या दिसतात, आणि नखाने खरवडलं की कण गळतात. दोन्ही दिसायला इतके वेगळे आहेत की एकदा पाहिल्यावर घोटाळा होत नाही. मग वरच्या कपाटातला एखादा सुटा शेल्फ बाहेर ओढून त्याची मागची, भिंतीकडची कड बघा. ती कुणाला दिसत नाही म्हणून तिथे पट्टी लावायचा कंटाळा केलेला असतो आणि आतला माल उघडाच असतो. हे वरच्या कपाटाचं बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण तुमची मागणी काय असावी हे त्यावर ठरणार आहे. फक्त सिंकखाली हलका माल असेल तर गोष्ट वेगळी, आणि सगळ्या किचनलाच भुसा निघाला तर गोष्ट पूर्ण वेगळी.

घरात मोजपट्टी असेलच. तुमच्या ओळखीत अंबडला टूल रूममध्ये किंवा क्वालिटीला कुणी काम करत असेल, तर तासाभरासाठी जाडी मोजायचा व्हर्नियर मागून घ्या. फुगलेल्या जागी फळीची जाडी मोजा, न फुगलेल्या कोपऱ्यात मोजा, आणि दोन्हीचे फोटो माप दिसेल असे काढा. १८ एमएमची फळी एका टोकाला २२-२३ भरली, तर दहा ओळी लिहून जे पटणार नाही ते त्या एका फोटोने पटतं. घासणारं शटर आणि झुकणारी ट्रॉली यांचा मात्र व्हिडिओच घ्या. ट्रॉलीत नेहमीचे डबे भरून उघडा-बंद करा. ट्रॉली ज्यावर सरकते ते चॅनल किती वजन पेलणारं बसवलंय ते बहुतेकदा चॅनलवरच कोरलेलं किंवा छापलेलं असतं, तेही टिपून घ्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा, कारण समोरचा ती काढणारच. सिंकचा पाइप गळतो आहे का? रात्री भांडी झाली की पाइपच्या प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. सकाळी भांडं धुऊन झाल्यावर तो हाताने चाचपा. ओला निघाला तर प्लंबरला बोलवा आणि त्याने काय दुरुस्त केलं ते तारखेसह कागदावर लिहून घ्या. समजा गळती निघाली आणि ती तुमच्या बिल्डरच्या प्लंबिंगची असली, तर भरपाई थोडी कमी होऊ शकते. पण मरीन प्लायच्या नावाखाली भुसा दिला हा मुद्दा त्याने पुसला जात नाही. टिश्यू कोरडा निघाला, तर वापराचा दोष काढायला जागाच उरत नाही. मग ओल येते कुठून? बऱ्याचदा त्या गोल भोकाच्या कापलेल्या कडेला सिलिकॉन भरलेलं नसतं, किंवा ओट्याचा ग्रॅनाइट आणि सिंक यांच्यामधली फट बुजवलेली नसते. ते बसवणाऱ्याचं काम होतं.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तुमच्या प्रकरणात त्याची दोन अंगं येतात. मालात खोट आहे, त्याला कायदा दोष म्हणतो. बसवणं नीट झालेलं नाही, ती सेवेतली त्रुटी. तक्रारीत दोन्ही लिहा, एकच लिहून दुसरं सोडू नका. शिवाय मालविक्री कायदा, १९३० सांगतो की वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. तुमचं कोटेशन हे ते वर्णन. ‘दहा वर्षं बघायला नको’ हे तोंडी वाक्य सिद्ध करणं अवघड जाईल, पण ‘७१० मरीन प्लाय, १८ एमएम’ हे छापील आहे. सगळा भर त्या एका ओळीवर द्या. कोटेशनच्या दोन-तीन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत दुकानदाराच्या हातात कधीही देऊ नका, “जरा बघतो” म्हणाला तरी.

डब्यांचं बोलते, कारण ते वाक्य ऐकून तुम्ही घाबरलात हे पत्रातून जाणवतं. घाबरू नका. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. आणि तुम्ही तर हे किचन घरासाठी केलं. त्याच ओट्यावर तुमच्या घराच्या पोळ्या होतात आणि आणखी आठ मुलांच्याही होतात. स्वतः उभं राहून आठ डबे करणारी बाई म्हणजे कॅटरिंग कंपनी नव्हे. खरेदी व्यापारी होती हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा डबे लपवू नका, आणि तुमच्या कष्टाबद्दल संकोचही बाळगू नका. विचारलं तर खरं तेच सांगा.

रोख दिलेल्या ६० हजारांची बाजू लंगडी आहे, हे मोकळेपणाने सांगते. बिल न देणं ही त्याची चूक आहे. २०१९च्या कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पण पैसे दिले हे तुम्हाला दाखवावं लागेल. त्या दिवशी बँकेतून रक्कम काढली होती का? त्याचा ‘पैसे मिळाले’ असा मेसेज आहे का? नसेल तर आता व्हॉट्सअॅपवर साधा, सभ्य मेसेज टाका: ‘एकूण २,८५,००० पैकी आजवर बँकेने २,००,००० आणि रोख ६०,००० असे २,६०,००० आपल्याला पोचले आहेत. बाकी २५,००० दुरुस्तीनंतर देऊ.’ तो उत्तरात नुसतं “पण ते २५ कधी देता” म्हणाला, तरी २ लाख ६० हजार पोचल्याची ती जवळजवळ कबुलीच असते. ही चॅट जपून ठेवा, आणि फोन बदलायचा झाला तर आधी ती एक्सपोर्ट करून घ्या.

आणि ते २५ हजार. अडवून ठेवलेत ते बरं केलंत, पण गप्प बसून अडवणं आणि कारण लेखी देऊन अडवणं यात खूप फरक आहे. गप्प बसलात तर उद्या तोच म्हणेल, पैसे बुडवायचे म्हणून खोट काढतात. म्हणून पहिल्याच पत्रात लिहा की रक्कम तयार आहे, माल कोटेशनप्रमाणे झाला की त्याच दिवशी देऊ. यातला काही खर्च हप्त्यावर केला असेल, तर हप्ता मात्र थांबवू नका. फायनान्स कंपनीशी झालेला करार वेगळा असतो. तुमचं भांडण दुकानदाराशी आणि बिघडेल तुमचा सिबिल.

पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि तेच ईमेल व व्हॉट्सअॅपवरही टाका. वकिलाची नोटीस लगेच हवी असं नाही. भाषा साधी ठेवा. मी असं लिहीन:

‘आपण दि. … च्या कोटेशननुसार ७१० मरीन प्लाय, १८ एमएमचं किचन पुरवून बसवण्याचं मान्य केलं होतं. प्रत्यक्षात सिंकखालच्या कपाटाची फळी जुलैपासून फुगली असून पाइपच्या भोकाशी पार्टिकल बोर्ड दिसतो. कोपऱ्यातलं शटर घासतं, डब्यांची ट्रॉली भार सोसत नाही. फोटो जोडले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण समक्ष येऊन पाहणी करावी आणि सदोष भाग कोटेशनमधल्या दर्जाच्या मालाने आपल्या खर्चाने बदलून द्यावेत. तसं न झाल्यास भरलेली रक्कम आणि नुकसानभरपाई यांसाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

पार्टिकल बोर्डाचं वाक्य तुम्ही स्वतः बघून खात्री झाली तरच लिहा. नुसत्या संशयावर लिहिलेली एक ओळ खोटी निघाली, तर खऱ्या दहा ओळींचं वजन जातं.

बिल कुणाच्या नावाचं आहे तेही नीट बघा. पुष्कळदा शोरूमवर एका ब्रँडची पाटी असते, बिल भलत्याच फर्मचं असतं आणि माल तिसऱ्याच कारखान्यातून येतो. पत्र बिल देणाऱ्याला पाठवा, ब्रँड असेल तर त्याच्या कंपनीलाही प्रत द्या. पुढे तक्रार करायची झाली तर दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हेल्पलाइनला निकाल द्यायचा अधिकार नाही, ती दुकानदाराकडे पाठपुरावा करते. तरी कंपनी मोठी असेल तर एवढ्यानेच काम होतं. छोटा दुकानदार असेल तर बहुधा पुढे जावं लागेल.

पुढचं दार म्हणजे नाशिकचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असलेल्या तक्रारी जिल्हा आयोग ऐकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी शून्य आहे. तुम्ही नाशिकला राहता म्हणून तक्रार नाशिकलाच करता येते, कंपनी पुण्याची असो की आणखी कुठली. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. तुम्हाला त्याची काळजी नाही, पण दुकानदाराच्या “बघतो, करतो, दिवाळी होऊ द्या” मध्ये ती दोन वर्षं सरतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्याच्या तोंडी आश्वासनांनी मुदत वाढत नाही.

समोरच्याला आयोगाची नोटीस मिळाली की उत्तराला ३० दिवस असतात, फार तर आणखी १५. त्यापुढे उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जास्त लागतात, त्या तयारीने जा. तुमच्या प्रकरणात तपासणीचाच प्रश्न येऊ शकतो: हा ७१० प्लाय आहे की नाही? आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरायला सांगितली जाते. नमुना कुठून घेणार? त्या फुगलेल्या फळीतूनच. म्हणून मिस्टरांना थांबवा म्हटलं.

पैसे परत मिळतील का, हे तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. दोष काढून देणं, माल बदलून देणं, किंमत परत करणं, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च, यातलं काहीही द्यायला आयोग लावू शकतो. फक्त सिंकखालचा भाग सदोष निघाला तर पूर्ण २ लाख ६० हजारांची आशा धरू नका, तेवढा भाग बदलून आणि वर काही भरपाई हे न्याय्य होईल. पण वरच्या शेल्फच्या मागच्या कडेलाही भुसाच दिसला, तर अख्खा सौदाच वर्णनाप्रमाणे झालेला नाही. मग पूर्ण रक्कम व्याजासह मागा, आणि ते नाही तर सगळा सांगाडा बदलून मागा. मागण्या अशा एकाखाली एक लिहायच्या असतात. आदेश होऊनही पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. त्यामुळे निकाल कागदावरच राहील ही भीती नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मला खोडायचं नाही. नाशिक अजूनही ओळखीपाळखीचं गाव आहे, दुकानदार उद्या भाजी घेतानाही समोर येतो. पण लेखी पत्र देणं म्हणजे भांडण नव्हे. बोलण्यात आवाज चढतो, शब्द फिरतात. कागदावर दोघांनाही मर्यादेत राहावं लागतं. तो समक्ष आला, माल मान्य करून बदलून देतो म्हणाला, तर चहा द्या आणि काय बदलणार, कोणत्या दर्जाचं, किती दिवसांत, हे एका कागदावर लिहून दोघं सह्या करा. आयोगातही मध्यस्थीची सोय आहे, तिथेही असं मिटवता येतं.

आता दसऱ्याआधी येणारा तो मुलगा. त्याला घरात घ्या, हाकलू नका, कारण दुरुस्तीची संधी दिलीच नाही असं पुढे कुणी म्हणू नये. पण तो यायच्या आधी सगळे फोटो-व्हिडिओ झालेले असू द्या. फुगलेल्या फळीवर पट्टी चिकटवू देऊ नका, त्याने खोट झाकली जाते आणि बरी काही होत नाही. शटर आणि चॅनल मात्र बघू द्या. बिजागरीचा स्क्रू फिरवून शटर सरळ होत असेल तर तेवढं आनंदाने करून घ्या. त्याने फळी काढून नेतो म्हटलं, तर नवी बसवल्याशिवाय द्यायची नाही, आणि दिलीच तर तिचा हातभर तुकडा घरात ठेवून घ्यायचा. निघताना तो सहीसाठी सर्व्हिस कार्ड पुढे करेल. त्यावर ‘काम समाधानकारक, तक्रार नाही’ असं आधीच छापलेलं असतं. त्या ओळीवर काट मारा, खाली स्वतःच्या अक्षरात लिहा, ‘शटर दुरुस्त. सिंकखालची फळी फुगलेली आहे, बदललेली नाही’, तारीख घाला, मग सही करा आणि तो कार्ड खिशात घालायच्या आत त्याचा फोटो काढून घ्या.